येतो म्हणावं, जातो म्हणू नये

सध्या माझी नोकरी दिल्लीत आणि बिऱ्हाड गाझियाबादेत आहे. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरची यादी एवढी लांब, की नंबर लागेपर्यंत पुढच्या पोस्टिंगचा हुकूम येतो. म्हणून कौशांबीत पाचव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. रस्त्याच्या अलीकडे उत्तर प्रदेश परिवहनचा कौशांबी डेपो, पलीकडे दिल्लीचा आनंद विहार बस अड्डा. रात्री उशिरापर्यंत कंडक्टरांच्या आरोळ्या गॅलरीत ऐकू येतात. गोरखपूर, सोनौली, रुपैडिहा, बनबसा. यातली शेवटची तीन गावं नेपाळच्या हद्दीला चिकटून आहेत. तिथे उतरायचं आणि सामान उचलून पलीकडे चालत जायचं. दसऱ्याच्या आधी आठ दिवस या डेपोत पाय ठेवायला जागा नसते. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद इथे राबणारा नेपाळी माणूस त्या आठवड्यात घरी निघालेला असतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात असाच एक प्रवास आखायचं काम माझ्याकडे आलं. प्रवासी मी नव्हतो. एक सुभेदार साहेब ३० नोव्हेंबरला तीस वर्षांची नोकरी पूर्ण करून निवृत्त होणार होते. मी माझ्या गोरखा पलटणीत कॅप्टन होतो तेव्हा ते माझ्या कंपनीत हवालदार होते. मला डोंगर चढायला आणि नेपाळी बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यातले ते एक. पुढे माझ्या बदल्या झाल्या, त्यांच्याही झाल्या आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी आम्ही पुन्हा एकाच शहरात आलो. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. गाव नेपाळच्या स्यांग्जा जिल्ह्यात, पोखराच्या अलीकडे.

ऑक्टोबरात ते घरी चहाला आले आणि थोडं अडखळत म्हणाले, "हजुर, एक विचार आहे. या वेळी बसने जायचं नाही. आपली गाडी चालवत न्यायची."

गाडी म्हणजे अकरा वर्षांची पेट्रोल वॅगन आर. दुसऱ्या हाताने घेतलेली, पण त्यांनी ती रायफलीसारखी ठेवली होती. तीस वर्षं ते सुट्टीवर घरी गेले ते रेल्वेच्या डब्यात, बसमध्ये, जीपच्या टपावर. या वेळी वहिनींना शेजारी बसवून गाझियाबादहून निघायचं आणि थेट स्वतःच्या अंगणात गाडी लावायची, एवढीच त्यांची इच्छा. मला वाटलं, यात काय अवघड? भारत आणि नेपाळमधली हद्द खुली. १९५० च्या करारामुळे तिकडच्या माणसाला इकडे आणि इकडच्याला तिकडे राहायला, काम करायला मोकळीक. व्हिसा नाही. गाड्याही डाव्या बाजूनेच चालतात. मी जोरात सांगून टाकलं, "साहेब, आखणी माझ्याकडे."

आखणीला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी आपटलो. भारतीय नंबरची गाडी नेपाळात नेता येते, पण ती पाहुणी म्हणून. सीमेवर भन्सार, म्हणजे कस्टमच्या कचेरीत, दिवसाच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि परवाना घ्यायचा. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त तीस दिवस. तीस दिवसांच्या आत गाडी परत भारतात. कायमची ठेवायची तर ती आयात ठरते आणि नेपाळात पेट्रोल गाडीवरचे करच गाडीच्या किमतीच्या वर जातात. शिवाय ही तर जुनी गाडी. थोडक्यात, माणूस एकेरी जाऊ शकत होता, गाडी नाही.

साहेबांना फोनवर सांगितलं. क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, "गाडी लान मिल्दैन रहेछ." गाडी नेता येत नाही म्हणायची. रागाचा सूर नव्हता. हवामान खराब आहे, हेलिकॉप्टर येणार नाही, हे सांगितल्यावर जवान जसा बोलतो तसा सूर.

इथे थांबून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिच्यात आहे.

बरीच वर्षं झाली. कंपनीतला एक हवालदार पेन्शनीवर निघाला. बडाखाना झाला, खांद्यावर उचलून गेटपर्यंत नेलं, फोटो काढले. मी कंपनी कमांडर. गाडी रेल्वे स्टेशनपर्यंत दिली आणि हात मिळवून परत आलो. माझ्या लेखी काम संपलं. हा गडी गोरखपूरला उतरला आणि तिथून सीमेकडे जाणाऱ्या एका खासगी बसमध्ये बसला. शेजारच्या प्रेमळ माणसाने चहा पाजला. उत्तर प्रदेशात याला जहरखुरानी म्हणतात. वर्तमानपत्रात रोज तिसऱ्या पानावर असते. शुद्धीवर आला तेव्हा तो रस्त्याकडेच्या एका ढाब्यामागे पडला होता. ट्रंक गेली, बायकोसाठी केलेले दागिने गेले, डिस्चार्ज बुक गेलं आणि पदकंही गेली. पैशाची भरपाई पलटणीने वर्गणी काढून थोडीफार केली. कागदपत्रं परत काढायला वर्ष लागलं. मला कळलं ते तीन महिन्यांनी, कारण तो कुणाला सांगायला तयार नव्हता. चोवीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस चहा पिऊन लुटला गेला, याची त्याला लाज वाटत होती. खरं तर लाज मला वाटायला हवी होती. सुट्टीवर जाणाऱ्या जवानाकडे एक पिशवी असते. पेन्शनीवर जाणाऱ्याकडे काळी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पत्ता रंगवलेला असतो. त्या ट्रंकेत आयुष्य आहे, हे चोराला बरोबर कळतं. मला कळलं नाही.

त्या दिवसापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते मांडण्यासाठीच आज लिहितो आहे. परतीच्या प्रवासापेक्षा एकेरी प्रवासाची तयारी जास्त कसून करावी लागते. जाऊन येणाऱ्याला चूक सुधारायला दुसरी फेरी मिळते. विसरलेला कागद पुढच्या खेपेला आणता येतो. एकेरी जाणाऱ्याच्या मागे दार बंद होतं. आणि आपण फौजेत नेमकं उलटं करतो. मोहिमेवर जाताना सँड मॉडेल, ऑर्डर्स, रिहर्सल. पेन्शनीवर निघालेल्या माणसाला मात्र हार, फोटो आणि रेल्वे वॉरंट.

म्हणून या वेळी रीतसर आखणी केली. जे शिकलो ते क्रमाने देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न गाडीचा. तो सोडवला आमच्या कार्यालयातल्या सातारच्या हवालदाराने. त्याला गाडी घ्यायचीच होती. म्हणाला, "सर, गाडी मी घेतो. पण आधी साहेबांना तिच्यातूनच सीमेपर्यंत सोडू. येताना मी चालवत आणतो. मग एनओसी काढून एमएच अकरा करून घेतो." म्हणजे गाडीची फेरी जाऊन-येऊन आणि माणसांची एकेरी. सीमेपलीकडे नेपाळी नंबरची जीप आधीच ठरवायची, साहेबांच्या भाच्याच्या ओळखीतली. अंगणात गाडी लागणार नव्हती, पण भारतातला सगळा रस्ता साहेब स्वतः चालवणार होते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

दुसरा प्रश्न पैशाचा. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम रोख न्यायचीच नाही. एक भारतीय रुपया म्हणजे एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे सीमेवर हिशेब सोपा. नोटांचा प्रकार मात्र सोपा नाही. २०१६ च्या नोटबंदीनंतर जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा तिकडे लोकांच्या पेट्यांत अडकल्या आणि त्यांत पेन्शनर पुष्कळ होते. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून जुना माणूस खिशात शंभराच्याच नोटा ठेवू लागला. आम्हीही तेच केलं.

तिसरा प्रश्न फोनचा. हा कुणाच्याच यादीत नसतो आणि सगळ्यात जास्त त्रास हाच देतो. सीमा ओलांडली की भारतीय सिम मुकं होतं. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. ओटीपी आला नाही की खातं असून नसल्यासारखं. म्हणून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करायचं आणि ते चालतं का हे सीमेवर उभं राहून तपासायचं.

चौथा प्रश्न कागदांचा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, नेपाळी नागरिकता पत्र, बायकोचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आणि नागरिकता पत्रात एकाच अक्षरांनी लिहिलेलं आहे ना, हे ताडून पाहायचं. एक मात्रा चुकली तर उद्या फॅमिली पेन्शन अडते आणि ती विधवेला पोखराच्या पेन्शन कचेरीच्या पायऱ्यांवर कळते. काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारतीय दूतावासाच्या पेन्शन कचेऱ्या आहेत. पण रेकॉर्डमधली चूक इथे असतानाच दुरुस्त करून घेतलेली बरी. वहिनींच्या नावात खरोखरच एक अक्षर वेगळं निघालं. ते सुधारायला तीन आठवडे गेले. नोव्हेंबर अखेरीला जाग आली असती, तर तीन आठवडे कुठून आणले असते?

पाचवी गोष्ट ट्रंक. दोन ट्रंका, यादी दोन प्रतींत, कारण भन्सारवाला उघडून बघणार. आणि ट्रंकेवरचं नाव, हुद्दा काही नाही. साहेबांना हे रुचलं नाही. "हजुर, नाव तर पाहिजे." शेवटी नाव झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवलं.

सप्टेंबरात काठमांडूत जे घडलं होतं, तेही डोक्यात होतं. ८ आणि ९ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, गोळ्या चालल्या, सिंहदरबार पेटला, सरकार पडलं. आमच्या साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. मी विचारलं, "थोडं थांबायचं का? सहा महिने इथेच राहा." ते म्हणाले, "आईचं वय ब्याऐंशी आहे, हजुर." विषय संपला.

१ डिसेंबरला पहाटे पाच वाजता निघालो. साहेब चालवायला, मी शेजारी, मागे वहिनी आणि सातारचा हवालदार, डिकीत आणि टपावर ट्रंका. मी चार दिवसांची रजा टाकली होती, पण नेपाळात जायची परवानगी मागितली नव्हती. सेवेतल्या माणसाला परदेशात जायला परवानगी लागते, मग तो परदेश खुल्या फाटकापलीकडचा का असेना. त्यामुळे माझा रस्ता सोनौलीपर्यंतच.

नोएडा, परी चौक, यमुना एक्सप्रेस वे, आग्रा, तिथून लखनौ एक्सप्रेस वे. साडेचारशे किलोमीटरच्या वर सरळसोट रस्ता. सकाळी दाट धुकं होतं, साहेबांनी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. मुक्काम लखनौ छावणीत. ११ गोरखा रायफल्सचं केंद्र इथेच आहे, त्यामुळे साहेबांचे ओळखीचे दोघेतिघे भेटायला आले. दुसऱ्या दिवशी अयोध्या, बस्ती, गोरखपूर.

गोरखपूरला कुनराघाटात गोरखा भरती डेपो आहे. साहेब म्हणाले, पाच मिनिटं थांबू. गेटसमोर गाडी लावली. १९९५ साली याच गेटातून ते आत गेले होते. पायात चप्पल, वजन पन्नास किलोच्या आसपास. आत जायची गरज नव्हती. ते बाहेरच उभे राहिले, गेटकडे पाहिलं आणि परत येऊन गाडीत बसले. आता गेटाशी भरतीची गर्दी नव्हती.

इथे त्यांच्या मुलाचा विषय निघाला. मी विचारला नव्हता, वहिनींनी काढला. मुलगा २०२२ मध्ये भरतीची तयारी करत होता. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, तिच्यात रेती भरून रोज पहाटे डोंगर पळायचा. ऑगस्टमध्ये बुटवलला भरती मेळावा होणार होता. त्याआधी जूनमध्ये अग्निपथ जाहीर झाली. चार वर्षांची ही नवी तरतूद १९४७ च्या त्रिपक्षीय करारात बसत नाही, देशात चर्चा करावी लागेल, असं नेपाळ सरकारने कळवलं आणि मेळावा पुढे ढकलला गेला. तो पुढे ढकलला, तो अजून झालेला नाही. कोविडमुळे २०२० पासूनच भरती थांबली होती. मुलाचं वय उलटलं. आता तो कतारमध्ये बांधकामावर आहे. वडील घरी पोचणार आणि मुलगा घरी नसणार, असा हा हिशेब.

नेपाळीत परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला 'लाहुरे' म्हणतात. इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर काही गोरखे लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत गेले. नालापाणीचा किल्ला लढवणारा बलभद्र कुंवरही गेला आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत पडला. लाहोरला जाणारा तो लाहुरे. इंग्रजांनी १८१५ पासून गोरख्यांच्या पलटणी उभ्या केल्या. १९४७ मध्ये दहा रेजिमेंटांची वाटणी झाली, सहा भारताकडे, चार ब्रिटनकडे. ज्या रेजिमेंटा ब्रिटनकडे गेल्या, त्यांतल्या पुष्कळ जवानांनी भारत निवडला आणि त्यांच्यासाठी अकरावी रेजिमेंट उभी राहिली. दोनशे वर्षांहून जुनी ही वाट. आज आमच्या फौजेत सगळ्यात धाकटा जो नेपाळी जवान आहे, तो २०२० च्या आधी भरती झालेला. तो सुभेदार होऊन तीस वर्षांनी निघेल तेव्हा २०५० उजाडलेलं असेल. त्याच्यामागे येणारा कुणी नाही. भारतीय गोरखे आहेत, देहरादूनचे, धर्मशाळेचे, दार्जिलिंगचे. पलटणी राहतील. पण सोनौलीचं फाटक ओलांडून येणारी वाट सध्या एकाच दिशेने चालू आहे.

धोरण चूक की बरोबर, हे सांगण्याचा मला वर्दीत असेपर्यंत अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. दोन सरकारांनी बसून ठरवायचा तो प्रश्न आहे. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. वाट पुन्हा दोन्ही बाजूंनी चालू होवो वा न होवो, जी माणसं आज घरी निघाली आहेत त्यांना नीट पोचवणं हे तर आपल्या हातात आहे ना? त्याला कुठल्या करारात दुरुस्ती लागत नाही.

सोनौलीला दुपारी पोचलो. ट्रकांची रांग, पलीकडे नेपाळचं बेलहिया. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने कागद पाहिले, साहेबांचा हुद्दा वाचला आणि सॅल्यूट केला. साहेब साध्या स्वेटरमध्ये होते. वर्दी ट्रंकेत. पलीकडच्या देशात ती घालायची नसते. भाच्याने ठरवलेली जीप हद्दीपलीकडे उभी होती. हातगाडीवर ट्रंका चढवल्या. रोमिंग तपासलं, ओटीपी आला. साहेबांनी गाडीची किल्ली हवालदाराच्या हातात दिली आणि क्लच जरा वर लागतो, हे तिसऱ्यांदा सांगितलं.

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. हवालदाराने सवयीने वहिनींना विचारलं, "येणार ना परत? साताऱ्याला या." वहिनी हसल्या. साहेबांनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, नेपाळची वेळ लावली आणि फाटकातून चालत गेले. मागे वळून एकदा हात केला. मी सिव्हिल कपड्यांत होतो, तरी सॅल्यूट केला. नियमात बसतो की नाही, ठाऊक आहे मला.

परतीच्या रस्त्यात हवालदार बराच वेळ गप्प होता. बस्तीच्या पुढे बोलला. त्याचे चुलते फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा वेशीपासून उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. लेझीम, हलगी, रस्त्यावर सडा-रांगोळी, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गावच 'मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं, तिथे तर हे नवं नाही. तो म्हणाला, "सर, आपल्याकडे गावाला कळतं कोण आला ते. ह्यांच्याकडे कोण सांगणार?"

त्याचा प्रश्न अर्धा बरोबर होता. स्यांग्जात लाहुरे म्हणजे काय, हे गावाला नीट कळतं. कळत नाही ते आपल्याला. मराठीत 'गुरखा' या शब्दाचा अर्थ काय? सोसायटीच्या गेटवर स्टुलावर बसलेला, रात्री काठी आपटणारा माणूस. मुंबई-पुण्यात दोन पिढ्या आपण हा शब्द असाच वापरतो. माझ्या गाझियाबादच्या बिल्डिंगच्या गेटवरही नेपाळचा एक माणूस आहे. त्याला सगळे 'बहादूर' म्हणतात, नाव कुणी विचारलेलं नाही. मीही सहा महिने विचारलं नव्हतं. ज्या शब्दाने फौजेत रेजिमेंटची ओळख होते, त्याच शब्दाने आपण बाहेर वॉचमन हाकारतो. काम कुठलंच हलकं नाही. पण माणसाचं नाव पुसून त्याच्या जागी जात किंवा विशेषण ठेवणं हलकं आहे.

आता माझ्या मतावर आलेले आक्षेप. एका बॅचमेटने, खडकवासल्याच्या एकाच स्क्वाड्रनमधला, फोनवर झापलं. "तो माणूस त्या रस्त्याने पन्नास वेळा गेलाय. तू त्याला शाळकरी पोरासारखा पोचवतोस? हा त्याचा अपमान आहे." मुद्दा चुकीचा नाही. मी साहेबांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, "हजुर, रस्ता मला माहीत आहे. पण या वेळी कुणी बरोबर असलं तर बरं." तेवढं मला पुरलं. सोबत ही फक्त रक्षणासाठी नसते. आपल्याकडे लेकीला सासरी पोचवायला पाठराखीण जाते, ती काय चोरांशी लढायला जाते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लडाखचा, नागालँडचा, कोकणातला जवानही लांबच जातो, मग नेपाळीचंच एवढं का? उत्तर असं, की बाकीच्यांचा फोन गावी गेल्यावरही चालतो, कागदात चूक निघाली तर ते देशातल्या देशात धावू शकतात. नेपाळी जवान एका फाटकापलीकडे गेला की दुसऱ्या देशाचा नागरिक असतो आणि आपली व्यवस्था त्याच्यासाठी दूतावासामार्फतच उरते. तरीही ज्याला लडाखच्या जवानालाही घरापर्यंत पोचवायचं असेल, त्याला मी कोण नको म्हणणारा?

तिसरा आक्षेप कुणी घेतला नाही, मीच घेतो. ब्रिटिश फौजेतल्या निवृत्त गोरख्यांना २००९ मध्ये ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायचा हक्क मिळाला. आपल्या नेपाळी जवानाला भारतात राहायला पहिल्यापासूनच मोकळीक आहे आणि पुष्कळ जण देहरादून, सिलिगुडीला घर बांधून राहतातही. मग जो परत जातो तो स्वतःच्या मर्जीने. एकेरी प्रवास त्याने निवडला, त्याचं आपण एवढं ओझं का घ्यावं? मला वाटतं, म्हणूनच घ्यावं. त्याच्यापुढे सोपी वाट होती. त्याने आईची, जमिनीची, डोंगराची वाट धरली. नेपाळीत रस्त्याला 'बाटो' म्हणतात, आपली 'वाट' तीच. इतकी जवळची भाषा बोलणारा माणूस तीस वर्षं आपल्यासाठी उभा राहिला, त्याला फाटकापर्यंत दोन दिवस द्यायला जड का जावं?

म्हणून पलटणीत असलेल्या धाकट्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. नवीन आदेशाची वाट पाहू नका. नेपाळी जवान पेन्शनीवर निघाला की तीन महिने आधी त्याच्याबरोबर बसा. कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. बँक, सिम, ओटीपी तपासा. ट्रंकेवर हुद्दा रंगवू नका. आणि एक माणूस सीमेपर्यंत बरोबर द्या, सोनौली असो, बनबसा असो, जोगबनी असो. खर्च एका बडाखान्याच्या भाजीएवढाही नाही.

साहेबांचा फोन चौथ्या दिवशी आला. बुटवल, तानसेन करत सिद्धार्थ राजमार्गाने ते रात्री उशिरा घरी पोचले होते. हा रस्ता एके काळी भारताच्याच मदतीने बांधला गेला. रामदीला कालीगंडकीच्या पुलावर जीप थांबवून त्यांनी माझ्या आईसाठी नदीतला शाळिग्राम घेतला आहे. कुणी येणारा-जाणारा असला की पाठवतो म्हणाले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाठवायला कशाला सांगतोस? रिटायर झालास की स्वतः जाऊन आण."

माझी निवृत्ती अजून काही वर्षं लांब आहे. पण गाडीचे नियम आता तोंडपाठ आहेत. तीस दिवस पुरतील.

येतो. जय हिंद.